बाई अशुद्ध बोलल्या

गिरिजाबाईंनी पहिल्या भेटीत मला एकच गोष्ट सांगितली, आणि तीही एक शब्द न उच्चारता: तू गाढव आहेस. पुढच्या काही महिन्यांत त्यांच्या वाचेत बरीच सुधारणा झाली, या मतात मात्र झाली नाही.

माझा धंदा लोकांना बोलतं करण्याचा. मेंदूला झटका बसला की काही माणसांची वाचा जाते. जीभ शाबूत, घसा शाबूत, अक्कलही बहुतेक शाबूत; फक्त शब्द जागेवर सापडत नाहीत. याला वाचाघात म्हणतात, आणि त्यावर उपाय करणाऱ्याला वाचोपचारतज्ज्ञ. हा शब्द धडधाकट माणसालाही एका दमात म्हणता येत नाही, म्हणून भोरच्या ज्या दवाखान्यात मी दर मंगळवारी पुण्याहून जात असे तिथे मला ‘बोलायचे डॉक्टर’ म्हणत. खोली एक्स-रेच्या शेजारची. निम्मे पेशंट मोडलेला हात घेऊन माझ्याकडे येत आणि मी त्यांना ‘आ करा’ म्हणत असे.

बाई चौऱ्याहत्तरच्या. काटकुळ्या आणि ताठ. उजवा हात मांडीवर दुसऱ्या कुणाची तरी वस्तू सांभाळायला घेतल्यासारखा पडलेला, डाव्या हातात काठी. चष्मा नाकाच्या पार शेंड्यावर. बघायच्या त्या नेहमी चष्म्याच्या वरून. जग बघण्याच्या लायकीचं होईल तेव्हा काच वापरू, असं ठरवून ठेवलेलं असावं.

भोरात त्यांना नुसतं ‘बाई’ म्हणत. कोण बाई, असं विचारायची गरज पडत नसे. तीस-बत्तीस वर्षं त्यांनी तिथल्या शाळेत मराठी आणि हिंदी शिकवलं. शिकवलं म्हणण्यापेक्षा गावाच्या तोंडावर पहारा दिला. कुणी ‘न्हाई’ म्हणालं की तोंड भिंतीकडे करून उभं राहायचं आणि भिंतीला ‘नाही’ म्हणून दाखवायचं, ही त्यांची शिक्षा. शाळा सुटली तरी पहारा सुटत नसे. त्या मंडईत शिरल्या की भाजीवाल्या बायका बोलणं बंद करून हातवाऱ्यांवर येत. गवार आहे का म्हटलं तर नुसती मान हलवीत. मान अशुद्ध हलवता येत नाही.

त्यांच्या नवऱ्याच्या शोकसभेची गोष्ट मला भोरात निदान पाच जणांनी सांगितली, आणि पाचही जण स्वतः पहिल्या रांगेत होते. गावातले एक पुढारी बोलायला उभे राहिले. गळा दाटून आला, रुमाल काढला, म्हणाले, “तात्यांच्या जान्यानं आपल्यात मोटी पोकळी निर्मान झालेली आहे.” पहिल्या रांगेत पांढऱ्या लुगड्यात बसलेल्या बाई शांतपणे म्हणाल्या, “निर्माण.” पुढारी थांबले. “निर्माण,” ते म्हणाले. “आणि ‘जाण्यानं’,” बाई म्हणाल्या. त्यानंतर जे सहा वक्ते बोलणार होते ते दोन मिनिटं स्तब्ध उभे राहून घरी गेले.

यातली गंमत अशी की बाई मुळात मराठी नव्हत्याच. माहेर गोकाककडचं, घरात सगळं कन्नड. मराठी दुसरी, हिंदी तिसरी, आणि इंग्रजी फक्त तुच्छतेसाठी राखून ठेवलेली. झटका बसला तेव्हा या चारही भाषा एकदम कोसळल्या. दवाखान्यातून घरी आल्या तेव्हा त्यांच्याकडे धड शब्द उरले होते दोन, दोन्ही कन्नड: ‘साकु’, म्हणजे पुरे, आणि ‘होगो’, म्हणजे चालता हो. माझ्याशी व्यवहार करायला ते त्यांना पुष्कळ होते.

मुलगा मिलिंद पुण्यात कुठल्याशा कंपनीत मोठ्या हुद्द्यावर. माणूस वाईट नव्हता. वाईट असता तर बाईंना सोपं गेलं असतं. तो दर शनिवारी यायचा, फळं आणायचा, आईसमोर बसायचा आणि ती बहिरी झाल्यासारखा ओरडायचा. “आई! हे काय आहे? चमचा! म्हण, चमचा!” बाई चमच्याकडे बघत. मग मिलिंदकडे. दोघांत चमचा बरा, असा त्यांचा चेहरा होई. त्यांनी तोंड उघडून “ते... ते...” केलं की तो शब्द पुरवायला धावे. “टॉवेल? गोळी? पंखा? पंखा लावू?” आणि पंखा लावी. बाईंना काय हवं होतं ते पंख्याच्या वाऱ्यात उडून जाई.

एसटी स्टँडच्या मागच्या आळीत बाईंचं दोन खोल्यांचं, स्लॅबचं, स्वतःचं घर. तिथं त्यांना एकटीनं राहायचं होतं. हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं, सांगता येत नव्हतं. पण मिलिंद ‘पुणे’ म्हणाला की त्या डाव्या हातानं खुर्चीचा दांडा असा धरत की बोटं पांढरी पडत. झटक्याच्या आधी एकदा आठ दिवस त्या त्याच्या अकराव्या मजल्यावर राहून आल्या होत्या. परत आल्यावर शेजारणीला म्हणाल्या होत्या, “तिथे उंची आहे, दर्जा नाही.”

डॉक्टरांचं म्हणणं सरळ होतं. कामाला बाई ठेवा, पण रात्री-अपरात्री पडल्या-झडल्या तर फोन करून ‘या’ एवढं तरी सांगता आलं पाहिजे. येत असेल तर राहू द्या. मिलिंदनं ठरवलं, दिवाळीपर्यंत वाट बघायची. तोवर आई फोनवर बोलली तर भोर, नाही तर पुणे. आणि ती बोलते की नाही हे कोण सांगणार? बोलायचे डॉक्टर.

म्हणजे एका म्हातारीचं घर माझ्या अकलेवर टांगलेलं होतं. आता माझ्या अकलेची हकिगत.

बाईंना शिकवायला मी दवाखाना आटोपून त्यांच्या घरी जात असे. माझ्याजवळ चित्रांच्या कार्डांचा एक संच होता, बाहेरदेशी छापलेला. त्यात पेंग्विन होता, बर्फाचं घर होतं, टोस्टर होता. मी मोठ्या ऐटीत एकेक कार्ड बाईंच्या पुढ्यात ठेवायचो. बाई ते काठीच्या टोकानं उलटं करायच्या. पेंग्विन पालथा, टोस्टर पालथा. महिनाभरात संच संपला. मग मी शहाणपणा केला आणि गावातल्या वस्तूंची चित्रं काढून नेली. पहिलंच चित्र विळ्याचं. बाईंचे ओठ हलले. मी पेन उघडलं.

“इळा,” बाई म्हणाल्या.

मी माझ्या कागदावर फुली मारली. पहिला आवाज गळतो. पाण्याच्या चित्राला ‘पानी’: फुली. माणसाला ‘मानूस’: फुली. भिंतीला ‘भित’: फुली, आणि समासात टीप, ‘मधला आवाजही गळतो’. वाचकाला एव्हाना कळलं असेल. मला कळलं नव्हतं. मी सहा वर्षं शिकून आलो होतो. बाईंनी त्या फुल्या बघितल्या, आणि आयुष्यात पहिल्यांदा आणि शेवटचं त्यांचं माझ्याशी एकमत झालं: हे चूक आहे. त्यांनी तोंड मिटलं. मीही कागद मिटला. शुद्ध मराठीचे दोन रखवालदार समोरासमोर गप्प बसून राहिले.

मग मी ठरवलं की मराठीचं काही खरं नाही, मायबोलीकडून शिरावं. आजारानंतर एक भाषा लवकर येते, दुसरी उशिरा. कुणाला आईची आधी, कुणाला बाजारातली. बाईंना ते दोन शब्द कन्नडच आले होते, तेव्हा कन्नड बोलणारा माणूस हवा. नसरापूरला नाक्यावर एका हॉटेलात इडली देणारा एक उमदा माणूस होता. त्याला विचारलं, कन्नड येतं का? “येतं की सर.” त्या मंगळवारी मी एसटी सोडून स्कूटर काढली आणि त्याला मागं बसवून भोरला आणला. तो बाईंसमोर हात जोडून बसला आणि गोड आवाजात पाच मिनिटं बोलला. बाई ऐकत राहिल्या. भुवई वर, आणखी वर. शेवटी त्यांनी माझ्याकडे वळून म्हटलं, “साकु.” त्याच्याकडे वळून म्हटलं, “होगो.” परत येताना स्कूटरवर त्यानं खुलासा केला: तो मंगळूरच्या बाजूचा, घरी तुळू बोलतात, कन्नड शाळेत शिकलेलं, गोकाककडचं कन्नड त्यालाही जरा जडच जातं. “बाईंनी माझे उच्चार काढले सर,” तो खिन्नपणे म्हणाला. पन्नास वर्षांपूर्वी सोडलेल्या भाषेतसुद्धा बाईंना आपलं तेच शुद्ध वाटत होतं.

आणि माझं कौतुक करणं. आम्हाला शिकवलेलं असतं, पेशंटनं काहीही केलं की उत्तेजन द्या. बाई नुसत्या खाकरल्या तरी मी “खूप छान!” म्हणायचो. ज्या बाईनं अख्ख्या नोकरीत कुणाला दहापैकी सातच्या वर गुण दिले नाहीत, तिला मी खाकरण्याबद्दल दहापैकी दहा देत होतो. एकदा त्यांना जांभई आली, मी म्हणालो, “वा, खूप छान.” त्या दिवशी त्यांनी काठी उचलली होती. कामवाली मधे पडली.

ऑगस्ट सरता सरता मी मिलिंदला फोन केला. उपयोगाचं बोलणं नाही, म्हणालो. येईलसं वाटत नाही. आवाज गंभीर ठेवला होता. गंभीर आवाज मला चांगला जमतो. मिलिंद म्हणाला, “मग दिवाळीची तरी वाट कशाला बघायची? नवरात्र झालं की नेतो.”

पुढच्याच मंगळवारी हौसा आली.

मी बाईंसमोर उरलीसुरली चित्रं मांडत होतो. दारात एक ठेंगणी, रुंद बाई उभी. डोक्यावर पदर, हातात पिशवी, आणि खोलीभर पुरेल असा आवाज. राजगडाच्या पायथ्याच्या पालीची. गडावर येणाऱ्या पोराटोरांना पिठलं-भाकरी करून घालायचा तिचा धंदा. लेक भोरात दिलेली, तिच्याकडे आली होती.

“ह्यो कोन? डाक्टर हाय का?”

“बोलायचा डॉक्टर,” मी म्हणालो.

“बोलाया बी डाक्टर लागतो व्हय आता!” ती बाईंच्या नवऱ्याच्या खुर्चीत ऐसपैस बसली. त्या खुर्चीत मिलिंदही बसत नसे. “वळखलं का बाई? हौसा. तुमच्या हातच्या लई छड्या खाल्ल्यात म्या.”

बाईंनी चष्म्यावरून बघितलं. ओळख पटली होती. आनंद झाला नव्हता.

“बोला की. आँ? तवा तर लई बोलायचा. ‘हौसा, न्हाई म्हणायचं नाही, नाही म्हणायचं.’ आता म्हना की येकदा.”

मी मधे पडलो. “मावशी, त्यांना त्रास होईल. जरा हळू, प्रेमानं...”

“प्रेमानं? हिला? तुमी गप बसा वो.” तिनं टेबलावरचं एक कार्ड उचललं. पेंग्विन. “ह्यो काय म्हनायचा? कावळ्यानं धोतर नेसल्यावानी दिसतोय. बाई, काय म्हनत्यात ह्याला?”

बाईंनी काठीनं कार्ड दूर लोटलं.

“येत न्हाई! बाईला येत न्हाई!” हौसानं मांडीवर थाप मारली. पन्नास वर्षं तिनं या क्षणाची वाट बघितली असावी. चेहरा नुसता उजळून निघाला होता. “हुबी ऱ्हा! भिताडाकडं त्वांड करून हुबी ऱ्हा!”

बाईंचा चेहरा लाल झाला. मला वाटलं, दुसरा झटका. मी पाण्याचा तांब्या शोधायला उठलो आणि स्टुलाला अडखळून गुडघ्यावर आलो. तेवढ्यात डोक्यावरून आवाज गेला.

“गप ए भवाने! लई... लई त्वांड वाजाया लागलं तुजं! म्या... म्या हुबी ऱ्हाऊ? तू हुबी ऱ्हा!”

मी जमिनीवरूनच वर बघितलं. बाईच बोलल्या होत्या. तोंड अजून उघडं होतं.

“आली की!” हौसा ओरडली. “आमची बाई आली की माघारी!”

बाईंनी डावा हात उचलून स्वतःच्या तोंडावर ठेवला. घट्ट. एखाद्या पोरानं वर्गात शिवी दिली असती तर त्याच्या तोंडावर ठेवला असता, तसा.

बाहेर पायरीवर हौसानं मला सगळं सांगितलं. बाईंची पहिली नेमणूक तिच्या गावची. वय बाविशीचं, लग्न नुकतंच झालेलं, नवरा भोरात कचेरीत, आणि या एकट्या पालीत हौसाच्या घराच्या पडवीत भाड्यानं. मराठी आलेलं ते पुस्तकातलं, तेही कन्नड हेलात. पोरं हसायची. संध्याकाळी हौसाची आजी भाकऱ्या थापायची आणि बाई चुलीपाशी बसून तिच्याशी बोलायच्या. “म्हातारीनंच बोलाया शिकिवलं तिला. वरीसभरात आशी बोलाया लागली, पावन्याला वाटायचं आमच्याच घरची लेक हाय. मंग शाळा तपासाया सायब आला. बाई त्येच्यापुढं म्हनली, ‘पोरं समदी हायती सायेब, येक बी घरी न्हाई.’ सायब आसा हासला, आसा हासला. म्हनला, ‘बाई, तुम्ही पोरांना शिकवता का पोरं तुम्हाला?’ समद्या पोरांम्होरं.” हौसानं पदरानं तोंड पुसलं. “त्या दिसापास्नं छडी. आमच्याच चुलीपाशी शिकली आन् त्येच बोलतो म्हून आमालाच मारलं. घ्या आता.”

मी घरी जाताना माझे फुल्यांचे कागद एसटीत काढून बघितले. इळा, पानी, मानूस, भित. एकही चूक नव्हती. जी भाषा माणूस नियमानं, पुस्तकातून शिकतो ती मेंदूत एके ठिकाणी राहते आणि जी बोलता बोलता अंगात मुरते ती दुसरीकडे, असं आमच्या शास्त्रात मानतात. एक जळली तरी दुसरी वाचू शकते. परीक्षेत या प्रश्नाचं उत्तर मी दोन पुरवण्या लावून लिहिलं होतं. आणि समोर ती जिवंत भाषा ‘इळा’ म्हणत बसली तर तिच्यावर फुल्या मारत होतो. साहेब पालीला एकदाच गेला होता. मी भोरला दर मंगळवारी जात होतो.

त्यानंतर हौसा लेकीकडे जास्तच येऊ लागली. दार लावून दोघी बसत. मी एकदा लवकर पोचलो आणि खिडकीखाली उभा राहून ऐकलं. आत जोरदार भांडण चाललं होतं, भाकरीला पाणी गरम घ्यावं का गार यावर. बाईंचे शब्द अडकत होते, मधेच तुटत होते, ‘ते... ते...’ होत होतं, हौसा पुरवत नव्हती, नुसती खिजवत होती, “सापडंना व्हय? बसा हुडकीत.” आणि बाई चिडून शब्द शोधून आणत होत्या. मी कान लावून पुढं झुकलो आणि हौसानं खिडकीतून चहाचा चोथा माझ्या डोक्यावर रिकामा केला. चुकून केला, असं ती म्हणाली. आतून बाईंचं हसणं ऐकू आलं. झटक्यानंतर त्यांना हसताना कुणी ऐकलं नव्हतं, आणि कारण मी होतो, एवढंच माझं समाधान.

पण मी आत गेलो की दोन्ही ओठ शिवलेले. कानांवर चहा घेऊन मी समजावलं. “बाई, जे येतंय ते बोला. मिलिंदशी फोनवर बोला. असंच बोला. घर राहील तुमचं.”

बाईंनी काठीनं आधी दार लोटलं. मग एकेक शब्द विहिरीतून ओढल्यासारखा काढला. “म्या... आसं... बोलू? गावात?” आणि तोंड वाकडं केलं. झटक्यानं ते जरा वाकडं झालेलंच होतं. ही त्यावरची भर होती.

सगळ्या भोराला ज्या बोलीबद्दल भिंतीकडे उभं केलं, ती आता स्वतःच्या तोंडात. मंडईत जाऊन ‘गवार हाय का’ म्हणायचं? त्यापेक्षा मुकी बरी. त्यापेक्षा अकरावा मजला बरा. हे त्यांनी नीट तोलून ठरवलं होतं. मी मिलिंदला फोन करून सांगितलं की त्या बोलतात. त्यानं फोन त्यांच्या कानाला लावायला सांगितला. “आई? आई, बोल ना.” बाईंनी फोनकडे चष्म्यावरून बघितलं आणि मला परत दिला. “तुमचं आधी काय ते ठरवा,” मिलिंद म्हणाला आणि त्याचंही बरोबर होतं.

दसरा झाला. मिलिंद गाडी घेऊन आला. घराला कुलूप लागलं. हौसा आली होती; ती काही बोलली नाही, हे बघून मला पहिल्यांदा भीती वाटली. बाई पुढच्या सीटवर बसल्या, कुलपाची किल्ली डाव्या मुठीत. मंगळवार असल्यानं मला मिलिंदनं पुण्यापर्यंत सोडतो म्हटलं आणि एसटीचा धक्का वाचतोय म्हणून मी निर्लज्जपणे मागं बसलो, बाईंची बॅग, गादी आणि मिक्सर यांच्यामधे. कापूरहोळला हायवे लागायच्या आधी मिलिंदनं धाब्यावर गाडी थांबवली. चहा घेऊ म्हणाला. सकाळपासून कुणाच्या पोटात काही नव्हतं.

धाब्याचा मालक खांद्यावर फडकं टाकून आला. “काय देऊ आज्जी?”

“तिला विचारू नका,” मिलिंद म्हणाला, “तिला बोलता येत नाही. तिला बिनसाखरेचा द्या.”

काठी टेबलावर बसली. पाण्याचे पेले उडाले.

“साकर घाल,” बाई म्हणाल्या. “आन् कोन... कोन म्हनतं येत न्हाई?”

शेजारच्या टेबलावरचे ट्रकवाले जेवायचे थांबले. मिलिंदचं तोंड उघडं पडलं. “आई? मग इतके महिने का नाही बोललीस?”

“ह्ये आसं? ह्ये आसं बोलू? तुज्यापुढं?”

“आई, हळू. लोक बघतायत.”

“बगू दे.” बाईंचा आवाज कापत होता, पण खाली येत नव्हता. “म्या न्हाई यायाची. तुज्या त्या... त्या...”

शब्द अडला. मिलिंद सवयीनं धावला. “फ्लॅटवर.”

बाईंनी पंजा वर केला. “थांब. माजा... माजा मला घावू दे.”

अख्खा धाबा थांबला. मालकाच्या हातातला चहा थांबला. बाई डोळे मिटून आत कुठं तरी उतरल्या, चाचपत राहिल्या आणि घेऊन आल्या.

“खुराड्यात.”

मिलिंदला लागलं. पण त्याच्या चेहऱ्यावर आणखीही काही होतं; आपण पुरवला होता तो शब्द चुकीचा होता, हे त्याला बहुधा पहिल्यांदा कळत होतं.

“तू एकटी कशी राहणार?” तो म्हणाला. आवाज आता ओरडून नव्हता. “पडलीस तर?”

“फोन करीन. तुला.” बाई उठल्या. “आताच... आताच माघारी जाती. पोचल्याव फोन. न्हाई आला तर... ये. ने मला. गप येती.”

स्वारगेट-भोर गाडी फाट्यावर वळत होती. बाईंनी काठी उगारली. हात दाखवला म्हणण्यापेक्षा धमकी दिली. गाडी थांबली. मिलिंद आणि मी दोघांनी मिळून त्यांना चढवलं, म्हणजे मिलिंदनं चढवलं आणि मी त्यांच्या पदरावर पाय दिला.

“कुठं आज्जी?” कंडक्टर म्हणाला.

“भोर,” मिलिंदनं खालून सांगायला तोंड उघडलं आणि स्वतःच मिटलं.

“भोर,” बाई म्हणाल्या. “येक.”

“पंचाहत्तर झाली का? मंग तिकीट न्हाई लागत.”

“न्हाई झाली. म्हातारी... म्हातारी दिसती व्हय तुला?”

गाडीतले लोक हसले. त्यातले निदान चार भोरचे असणार आणि त्यातल्या दोघांनी तरी भिंतीकडे तोंड करून दिवस काढलेले असणार. बाईंनी मागं वळून त्या सगळ्यांकडे चष्म्यावरून एकदा बघितलं. हसणं थांबलं. मग त्या खिडकीपाशी बसल्या, पदर सारखा केला आणि कंडक्टरला बोटानं बेल दाखवली: मार, काय बघतोस. मी बाईंना पाहिलं ते तेव्हाच शेवटचं.

आम्ही दोघं धाब्यावर बसून राहिलो. मिलिंदनं फोन टेबलावर मधोमध ठेवला. चहा आला, गार झाला, दुसरा आला. तो म्हणाला, “स्टँडवरून घरापर्यंत चालत जाईल ती?” मी म्हणालो, जातील. “आणि फोन उजव्या हातानं लावायची तिला सवय.” मी चहावरची साय बोटानं बाजूला केली. त्यानं दोनदा गाडीची किल्ली उचलली आणि दोनदा ठेवली.

फोन वाजला. ‘आई’. त्यानं स्पीकर लावला. आधी नुसता श्वास. मग, “ते... ते...”

मिलिंदनं शब्द पुरवायला तोंड उघडलं. मी त्याचा दंड धरला. माझ्या एवढ्या महिन्यांच्या उपचारांत उपयोगी पडलेला उपचार तो एवढाच.

“पोचली,” बाई म्हणाल्या. “कुलूप... उगाडलं. हौसा हाय हितं.”

“बरं आई,” मिलिंद म्हणाला.

“बॅग उद्याच्याला आन.” पुन्हा श्वास. मागं हौसाचं काही तरी बडबडणं आणि बाईंचं ‘गप गं’. मग सावकाश, एकेक शब्द जागेवर ठेवत: “आन् त्यो बोलाया शिकिवनारा गाडीत बसला हुता न्हवं, त्याला संगं आनू नगंस.”

फोन बंद झाला. झटक्यानंतरचं त्यांचं ते सगळ्यात लांब वाक्य होतं, आणि कुठंही अडखळलं नव्हतं. मी मिलिंदला तसं सांगितलं.